हजरत जैद बिन हारिसा (रजि.) : नाव बापाचं, घर प्रेषितांचं

आपल्या मोठ्या खानदानांमध्ये एखादं तरी पोर असं असतं, जे जन्मलं एका घरी आणि वाढलं दुसऱ्या घरी. कुणा बहिणीला औलाद नव्हती म्हणून भावानं आपलं मूल तिच्या ओटीत घातलं. कुणाचे आई-बाप लवकर अल्लाहला प्यारे झाले म्हणून चाचानं किंवा खालानं उचलून नेलं. मूल लहान असेपर्यंत सगळं ठीक चालतं. मग शाळेत नाव घालायची वेळ येते. मराठी मुलखात तर बापाचं नाव मुलाच्या नावाच्या अगदी मधोमध बसतं. तिथं कुणाचं नाव लिहायचं? आणि पोर जाणतं झालं की एक दिवस स्वतःच विचारतं, मी नेमका कुणाचा?

हा प्रश्न आजचा नाही. चौदाशे वर्षांपूर्वी तो खुद्द अल्लाहच्या प्रेषितांच्या घरात उभा राहिला होता आणि त्याचं उत्तर कुरआनात उतरलं. ज्यांच्या निमित्तानं ते उतरलं, ते होते हजरत जैद बिन हारिसा (रजि.). त्यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यांची हकीकत आपण बहुधा तुकड्यातुकड्यांनी ऐकतो. मूताच्या लढाईत एक तुकडा येतो, ताइफच्या प्रसंगात दुसरा. आज आम्ही ती सलग सांगणार आहोत, कारण आपल्या घरातल्या त्या पोरासाठी या हकीकतीत फार मोठी शिदोरी आहे.

आजोळच्या वाटेवरून हरवलेला मुलगा

जैद (रजि.) बनू कल्ब या कबिल्यातले. हा कबिला अरबस्तानाच्या उत्तरेकडे, शामच्या दिशेला वसलेला. वडील हारिसा, आई सुअदा. आई तय कबिल्याच्या एका शाखेतली, बनू मअनची. एकदा ती मुलाला घेऊन माहेरी निघाली. मूल तेव्हा आठेक वर्षांचं असावं. आजोळी जायचं म्हणजे लेकरांना केवढा आनंद, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण तिथं बनू कैनच्या घोडेस्वारांनी छापा घातला. त्या काळी अरबस्तानात हे नेहमीचंच होतं. लुटीत उंट जायचे, सामान जायचं आणि माणसंही जायची. सुअदाचं लेकरू गेलं.

ताइफजवळ उकाजचा मोठा बाजार भरायचा. तिथं व्यापार चाले, शायरी चाले आणि माणसांची विक्रीही चाले. त्या बाजारात जैद विकायला उभे केले गेले. मक्केचे हकीम बिन हिजाम यांनी चारशे दिरहम मोजून त्यांना घेतलं आणि आपल्या फुफी हजरत खदीजा (रजि.) यांना देऊन टाकलं. पुढे खदीजा (रजि.) यांचा निकाह हजरत मुहम्मद (स.) यांच्याशी झाला, तेव्हा त्यांनी हा मुलगा पतीच्या स्वाधीन केला. नुबुव्वत मिळण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे.

इकडे हारिसांची अवस्था काय झाली असेल? मूल मेलं असतं तर बापानं रडून सब्र केला असता. पण ते जिवंत आहे की नाही, हेच ठाऊक नसेल तर सब्र कसा करायचा? सीरतच्या किताबांत येतं की हारिसा मुलाच्या आठवणीत शेर रचत आणि दारोदार त्याचा शोध घेत फिरत राहिले. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

शोधत आलेला बाप

एका वर्षी बनू कल्बचे काही लोक हजला मक्केत आले. त्यांनी जैद (रजि.) यांना पाहिलं आणि ओळखलं. जैद (रजि.) यांनीही त्यांना ओळखलं. आपण चांगल्या घरात आहोत, घरच्यांनी जिवाला घोर लावून घेऊ नये, असा निरोप त्यांनी शेरांमधूनच बापाला पाठवला. निरोप पोहोचताच हारिसा आणि त्यांचे भाऊ कअब, दोघंही मुलाला सोडवायची रक्कम बांधून मक्केला निघाले.

ते हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. आपण इज्जतदार घराण्याचे आहात, आमच्या मुलाच्या बाबतीत आमच्यावर उपकार करा, मागाल ती रक्कम घ्या, अशी विनंती त्यांनी केली. त्यावर आप (स.) यांनी जे सुचवलं, ते त्या जमान्यात कुणाला सुचलं नसतं. जैदला बोलावू या आणि त्यालाच विचारू या, असं ते म्हणाले. तो तुमच्याबरोबर यायचं म्हणाला, तर एक पैसाही न घेता घेऊन जा. पण माझ्याजवळ राहायचं म्हणाला, तर जो मला निवडतो त्याला मी दूर लोटणार नाही. बाप आणि चाचा खूष झाले. याहून जास्त इन्साफ तो काय असणार!

जैद (रजि.) यांना बोलावलं गेलं. समोर बसलेल्या दोघांना त्यांनी ओळखलं. हे माझे वडील, हे माझे चाचा. मग त्यांच्यापुढे निवड ठेवली गेली.

इथं जरा थांबू या. हा मुलगा आता जवान झाला होता. आपला बाप कोण हे तो विसरला नव्हता. बापानं आपल्याला टाकलेलं नाही, उलट आपल्यासाठी तो रानोमाळ भटकला, हेही त्याला समोर दिसत होतं. ज्याला घर नाही त्यानं मिळेल ते घर धरावं, अशी ही गोष्ट नाही. त्याला घर होतं, कबिला होता, वाट पाहणारी माणसं होती. तरी जैद (रजि.) यांनी हजरत मुहम्मद (स.) यांच्यापाशी राहायचं ठरवलं.

बाप हबकलाच. आजादी सोडून गुलामी, बाप-चाचाला सोडून परकं घर? जैद (रजि.) यांचं म्हणणं एवढंच होतं, की या माणसात मी असं काही पाहिलं आहे, की त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणालाही मी पसंत करू शकत नाही.

मग आप (स.) यांनी जैद (रजि.) यांचा हात धरला. त्यांना काबागृहापाशी नेलं आणि कुरैशच्या लोकांना साक्षी ठेवून जाहीर केलं, की जैद आजपासून माझा मुलगा आहे, तो माझा वारस आणि मी त्याचा वारस. गुलामी तिथंच संपली. हे पाहून हारिसांच्या आणि कअब यांच्या जिवाला तसल्ली झाली आणि ते समाधानानं आपल्या मुलखात परत गेले. मुलगा परत मिळाला नाही, पण तो कुणाच्या सावलीत आहे हे कळलं. त्या दिवसापासून मक्केत सगळे त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले.

ते घर कसं होतं?

एवढ्या ओढीचं काय होतं त्या घरात? आम्हाला वाटतं, त्या घराचा धनी स्वतः पोरकेपण भोगलेला होता. हजरत मुहम्मद (स.) यांच्या जन्माआधीच वडील अब्दुल्लाह वारले होते. लहानपणी दूध पाजलं ते दाई हलीमा (रजि.) यांनी. सहा वर्षांचे असताना प्रवासात, अबवा या ठिकाणी आई आमिना गेल्या. तिथून त्या पोरक्या लेकराला मक्केला घेऊन आल्या त्या उम्मे ऐमन (रजि.). पुढे दोन वर्षं आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्याकडे, मग चाचा अबू तालिब यांच्याकडे. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना मुलाच्या मनात काय चालतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि त्यांच्या घरातही पाहा कोण कोण होतं. दुष्काळात अबू तालिब यांची ओढाताण व्हायला लागली, तेव्हा त्यांचे लहानगे अली (रजि.) आप (स.) यांच्याकडे वाढायला आले. उम्मे ऐमन (रजि.) या मूळच्या हबशी बाई, वडिलांकडून आलेल्या. आप (स.) त्यांना आईच्या जागी मानत. खदीजा (रजि.) यांची मुलं होती, आप (स.) यांच्या मुली होत्या आणि जैद (रजि.) होते. रक्ताची आणि बिनरक्ताची माणसं एकाच दस्तरखानावर बसत होती.

वह्य आली, तेव्हा या घरानं सगळ्यात आधी ईमान आणलं. जैद (रजि.) त्या पहिल्या मोजक्या माणसांत होते. पुढे आप (स.) यांनी त्यांचा निकाह उम्मे ऐमन (रजि.) यांच्याशी लावून दिला. उम्मे ऐमन (रजि.) वयानं बऱ्याच मोठ्या होत्या, पण जन्नतवासी स्त्रीशी निकाह करायचा असेल त्यानं यांच्याशी करावा, अशा अर्थाची गोष्ट आप (स.) यांनी सांगितली होती. या दांपत्याला उसामा (रजि.) झाले.

सोबत सोडली नाही

नुबुव्वतीच्या दहाव्या वर्षी खदीजा (रजि.) आणि अबू तालिब दोघंही गेले. त्यानंतर आप (स.) दावत घेऊन ताइफला गेले, तेव्हा बरोबर जैद (रजि.) होते. ताइफच्या सरदारांनी शहरातल्या टवाळ पोरांना मागे लावलं. दगडांचा मारा सुरू झाला. आप (स.) यांच्या पायांतून रक्त वाहून जोड्यांत साचलं. जैद (रजि.) अंगाची ढाल करून दगड झेलत होते. त्यांचं डोकं फुटलं. ज्यानं एकदा घर निवडलं, त्यानं त्या घरावरचे दगडही निवडले होते.

हिजरतनंतर आप (स.) यांच्या मुली आणि घरची मंडळी मक्केतच अडकली होती. त्यांना आणायला आप (स.) यांनी अबू राफे (रजि.) यांच्याबरोबर जैद (रजि.) यांनाच पाठवलं. बद्रची लढाई जिंकल्यावर मदीनेला खुशखबर घेऊन धावले तेही जैद (रजि.). पण ते पोहोचले तेव्हा आप (स.) यांच्या कन्या रुकय्या (रजि.) यांच्या कबरीवर माती सारखी केली जात होती. आनंदाची बातमी आणणाऱ्याला दारातच दुःखाची बातमी मिळाली. घराचा माणूस असणं म्हणजे हेच असतं.

मदीनेत भाऊबंदी जोडली गेली, तेव्हा आप (स.) यांचे चाचा हजरत हमजा (रजि.) यांच्याशी जैद (रजि.) यांचं भावाचं नातं जोडण्यात आलं. कुरैशचा वाघ आणि उकाजच्या बाजारात विकलेला मुलगा, दोघं भाऊ. उहुदच्या दिवशी हमजा (रजि.) यांनी आपली वसियत जैद (रजि.) यांच्याकडेच सोपवली होती. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून असंही कळतं, की आप (स.) यांनी ज्या तुकडीत जैद (रजि.) यांना पाठवलं, तिचा सरदार त्यांनाच नेमलं.

नाव परत गेलं

आता हकीकतीतला सगळ्यात नाजूक भाग येतो.

हिजरी 5 च्या सुमारास सूरह अहजाबच्या आयती उतरल्या. तोंडानं मुलगा म्हटल्यामुळे कुणी पोटचा मुलगा होत नाही, हे अल्लाहनं स्पष्ट केलं. ज्यांना तुम्ही सांभाळता, त्यांना त्यांच्या बापांच्या नावानं बोलवा, अल्लाहपाशी हाच इन्साफ आहे, असा हुकूम आला. बाप माहीत नसतील तर ते तुमचे दीनी भाऊ आणि तुमचे स्नेही आहेत, असंही त्याच आयतीत सांगितलं गेलं.

इतकी वर्षं जैद बिन मुहम्मद म्हणून ओळखला गेलेला माणूस त्या दिवसापासून पुन्हा जैद बिन हारिसा झाला.

याच काळात आणखी एक प्रसंग घडला होता. आप (स.) यांनी आपल्या फुफीची मुलगी जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचा निकाह जैद (रजि.) यांच्याशी करून दिला होता. कुरैशच्या उच्च घराण्यातली मुलगी एका आजाद केलेल्या गुलामाला द्यायची, ही गोष्टच जाहिलियतच्या अहंकारावर घाव घालणारी होती. पण दोघांचं जमलं नाही. जैद (रजि.) तलाकचा विचार घेऊन आले, तेव्हा आप (स.) यांनी त्यांना बायकोला नांदवण्याचा आणि अल्लाहचं भय बाळगण्याचा सल्ला दिला. तरीही अखेर तलाक झाला. इद्दत संपल्यावर अल्लाहच्या हुकुमानं आप (स.) यांचा निकाह जैनब (रजि.) यांच्याशी झाला. मानलेल्या मुलाची तलाकशुदा बायको ही सून ठरते, ही अरबांची जुनी रीत त्यामुळे कायमची मोडली. सही रिवायतीत येतं, की निकाहचा पैगाम जैनब (रजि.) यांच्याकडे खुद्द जैद (रजि.) घेऊन गेले आणि अदब म्हणून पाठ फिरवून त्यांनी तो सांगितला.

मुनाफिक लोकांनी या प्रसंगावर खूप जिभा चालवल्या. जैद (रजि.) यांच्या मनावर काय बीतली असेल, याचा आम्ही अंदाज बांधणार नाही. पण एवढं नक्की सांगता येतं, की त्यांनी तक्रार केली नाही, घर सोडलं नाही आणि प्रेषितांच्या प्रेमात तसूभर फरक पडला नाही. ना इकडून, ना तिकडून.

आणि अल्लाहनं काय दिलं ते पाहा. ज्या सूरहमध्ये एक नाव त्यांच्यापासून काढून घेतलं गेलं, त्याच सूरहमध्ये त्यांचं स्वतःचं नाव, जैद, कायमचं लिहिलं गेलं. अबू बक्र (रजि.), उमर (रजि.), उस्मान (रजि.), अली (रजि.) यांचीही नावं कुरआनात आलेली नाहीत. सहाबांमध्ये हा मान फक्त जैद (रजि.) यांना मिळाला. कयामतपर्यंत नमाजमध्ये ते नाव वाचलं जाईल.

बाप माहीत नसलेल्यांचं काय झालं, तेही याच काळात दिसतं. अबू हुजैफा (रजि.) यांनी सांभाळलेले सालिम (रजि.) यांचा बाप कुणाला ठाऊक नव्हता. या आयतीनंतर लोक त्यांना अबू हुजैफांचे मौला सालिम म्हणू लागले. पण ज्या चौघांकडून कुरआन शिका असं आप (स.) यांनी सांगितलं, त्यांत सालिम (रजि.) होते. बापाचं नाव नव्हतं म्हणून त्यांची किंमत कुठंही कमी झाली नाही.

एका अनाथ मुलीसाठी

हिजरी 7 मध्ये आप (स.) उमरा करून मक्केतून निघाले, तेव्हा उहुदमध्ये शहीद झालेल्या हमजा (रजि.) यांची लहान मुलगी चाचा, चाचा करत मागे धावत आली. अली (रजि.) यांनी तिचा हात धरला आणि फातिमा (रजि.) यांच्याकडे दिलं. मग तिला कुणी सांभाळायचं यावर तिघांमध्ये वाद झाला. अली (रजि.) म्हणत, माझ्या चाचांची मुलगी आहे. जाफर (रजि.) म्हणत, माझ्याही चाचांची आहे आणि तिची खाला माझी बायको आहे. तिसरे दावेदार होते जैद (रजि.). त्यांचं म्हणणं, ती माझ्या भावाची मुलगी आहे.

रक्तानं पाहिलं तर जैद (रजि.) यांचा तिच्याशी काहीच संबंध नव्हता. पण जो स्वतः परक्या घरात वाढला, तो दुसऱ्या पोरक्या लेकराला घरात घेण्यासाठी भांडत होता! आजकाल भाऊ गेल्यावर त्याच्या मुलांना कोण सांभाळणार यावर माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. इथं तिघं जण, मला द्या, मला द्या, म्हणत होते.

आप (स.) यांनी मुलगी जाफर (रजि.) यांच्या घरी दिली, कारण खाला ही आईच्या जागी असते. आणि कुणाचं मन दुखू नये म्हणून तिघांनाही जवळचे शब्द दिले. जैद (रजि.) यांना त्यांनी आमचा भाऊ आणि आमचा मौला म्हटलं. आयतीत जे दोन शब्द आले होते, नेमके तेच.

मूता

पुढच्याच वर्षी, हिजरी 8 म्हणजे इ.स. 629 मध्ये, आप (स.) यांच्या एका दूताची शामच्या सरहद्दीवर हत्या झाली. त्यासाठी तीन हजारांचं लष्कर निघालं. आप (स.) यांनी पहिले सरदार नेमले जैद (रजि.). ते शहीद झाले तर जाफर (रजि.), तेही शहीद झाले तर अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.). आजच्या जॉर्डनमध्ये करकजवळ मूता हे गाव आहे. तिथं समोर रोमनांचं आणि त्यांच्या साथीदार अरबांचं कितीतरी पट मोठं सैन्य उभं होतं. झेंडा हातात घेऊन लढता लढता जैद (रजि.) भाल्यांनी शहीद झाले. त्यांच्यामागोमाग दुसरे दोघंही.

मदीनेत आप (स.) लोकांना ही खबर सांगत होते आणि डोळ्यांतून अश्रू वाहत होते. रिवायतीत येतं, की जैद (रजि.) यांची मुलगी रडत समोर आली तेव्हा आप (स.) यांना हुंदका आवरला नाही. कुणी विचारलं, तर ही जिवलगासाठी जिवलगाची ओढ आहे, असं त्यांनी सांगितलं. नाव बदललं होतं. रडणारा जीव तोच होता.

मुलापर्यंत पोहोचलेलं प्रेम

उसामा (रजि.) यांचा रंग आईसारखा सावळा, तर जैद (रजि.) गोरे. यावरून काही लोक उसामांच्या नसबवर शंका घेत. एकदा पाऊलखुणा ओळखण्यात वाकबगार असलेला मुदलिज कबिल्याचा एक माणूस आला. बाप-लेक चादरीत डोकी झाकून झोपले होते, फक्त पाय उघडे होते. हे पाय एकमेकांचेच आहेत, असं त्यानं पाहताक्षणी सांगितलं. आप (स.) आयशा (रजि.) यांच्याकडे आले तेव्हा आनंदानं त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या लाडक्याचं मूल कुणाचं, याबद्दल कुणी बोट उचलू नये, याचा तो आनंद होता. नसब माणसाची अमानत असते, हे इथं कळतं.

आप (स.) एका मांडीवर नातू हसन (रजि.) आणि दुसऱ्या मांडीवर उसामा (रजि.) यांना बसवून दोघांसाठी एकच दुआ मागत. हिजरी 11 मध्ये जेमतेम विशीच्या उसामांना त्यांनी लष्कराचं सरदार केलं. काहींनी कुरकूर केली, तेव्हा याच्या बापाच्या सरदारीवरही तुम्ही असंच बोलत होता, अशी आठवण आप (स.) यांनी करून दिली. नंतर खलीफा अबू बक्र (रजि.) ते लष्कर निरोपायला निघाले, तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि खलीफा पायी चालत होते. उमर (रजि.) यांनी आपल्या मुलापेक्षा उसामांचा वजीफा जास्त ठेवला. मुलानं कारण विचारलं, तर त्याचा बाप तुझ्या बापापेक्षा प्रेषितांना जास्त प्रिय होता, असं उत्तर मिळालं.

आपल्या घरातल्या पोरासाठी

या हकीकतीतून आम्हाला जे कळतं ते साधं आहे. मुलावर प्रेम करायला त्याचं मूळ पुसावं लागत नाही. पुष्कळ घरांत मुलाला खरं काही सांगितलंच जात नाही. त्यामागे वाईट हेतू नसतो, ते आपल्यापासून दूर जाईल अशी भीती असते. मग लग्नाच्या वेळी, जायदादीच्या भांडणात किंवा कुणा नातेवाइकाच्या तोंडून ते बाहेर येतं आणि मूल आतून कोसळतं. जैद (रजि.) यांना आपला बाप माहीत होता, बाप समोर उभा होता, तरी ते गेले नाहीत. भाऊ जबला (रजि.) नंतर त्यांना न्यायला आले, तेव्हाही आप (स.) यांनी अडवलं नाही आणि तेव्हाही जैद (रजि.) गेले नाहीत. ज्या घरात खरं प्रेम असतं, त्या घराला सत्याची भीती नसते.

काही गोष्टी व्यवहाराच्याही आहेत. सांभाळलेल्या मुलाला शरियतनुसार आपोआप वारसा मिळत नाही. पण हयातीत हिबा करता येतो आणि मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. हे वेळेवर न केल्यामुळे मूल रस्त्यावर आलं, तर तो दोष शरियतचा नाही, आपल्या आळसाचा आहे. परद्याचा प्रश्न असेल तर दुधाच्या नात्याचा मार्ग आहे, पण तो मूल दोन वर्षांच्या आत असतानाच. कागदोपत्री पालकत्वासाठी 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलं. मात्र त्यात मूल कायद्यानं दत्तक घेणाऱ्याचं होतं, म्हणून पाऊल टाकण्याआधी जाणत्या आलिमांशी आणि वकिलांशी दोघांशीही बोलावं.

आणि हे सगळं ऐकून कुणी, दत्तकची मनाई आहे ना, मग परक्याचं मूल कशाला घ्या, असं म्हणत असेल, तर त्यानं ही हकीकत पुन्हा एकदा वाचावी. मनाई नाव चोरायला आहे, मायेला नाही. अनाथाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्याजवळ दोन बोटांसारखा असेल, हे ज्यांनी सांगितलं, ते स्वतः अनाथ होते आणि त्यांच्या दस्तरखानावर जैद (रजि.) बसत होते.

अल्लाह आपल्या घरांना तशी विशालता देवो, आणि आपल्या छपराखाली वाढणाऱ्या कोणत्याही लेकराला मी कुणाचा, असा प्रश्न रडत विचारायची पाळी न येवो. आमीन.